पान उलटल्याचा आवाज

मध्यंतरी एका संस्थेच्या डिजिटल ग्रंथालयाच्या उद्घाटनाला गेलो होतो. नारळ फुटला, हारतुरे झाले, आणि मग मोठ्या पडद्यावर एक जुनं मराठी पुस्तक उघडलं. पानाचा कोपरा माउसने ओढला की पान खऱ्यासारखं वळत जातं आणि वळताना कागदाचा सर्रकन आवाजही येतो. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बाई बसल्या होत्या. बाई कॉलेजात मराठी शिकवतात, जन्मापासून अंध आहेत, आणि गेली बारा वर्षं त्यांच्यासाठी नि त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं टाइप करायचं, तपासायचं काम मी फावल्या वेळात करतो. त्यांनी माझ्याकडे झुकून विचारलं, "हा कसला आवाज?" म्हटलं, पान उलटल्याचा. "बरं," म्हणाल्या, "आणि वाचायचं कधी?"

चहाच्या वेळी त्यांनी स्वतःचा लॅपटॉप उघडला. हेडफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, दुसरं माझ्या हातात दिलं. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे. पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणारं हे स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलं आणि ते जगभर फुकट मिळतं. ग्रंथालयाचं पान उघडताच एक गोड गळ्याची निवेदिका "आपले स्वागत आहे" म्हणत संस्थेचा इतिहास सांगू लागली, आणि त्याच वेळी एनव्हीडीएही बोलायला लागलं. दोघांची जुगलबंदी. स्वागत थांबवायचं बटण शोधायचं तर स्क्रीन रीडर ऐकू यायला हवा, आणि तो ऐकू यायचा तर आधी स्वागत थांबायला हवं. शेवटी ते आपलं आपण संपेपर्यंत आम्ही गप्प बसलो. मग सुरू झालं: "बटन. बटन. ग्राफिक. बटन." कोणतं बटण कशाचं, हे बनवणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. दहा मिनिटांनी एकदाचं पुस्तक सापडलं. बाईंनी ते उघडलं. एनव्हीडीए म्हणालं, "ग्राफिक." त्यांनी बाणाची कळ दाबली. सर्रकन आवाज आला. "ग्राफिक." पुन्हा कळ, पुन्हा सर्रकन, पुन्हा "ग्राफिक."

"छान वळतंय," बाई म्हणाल्या.

संस्थेचं नाव मुद्दामच घेत नाही. त्यांनी काम मनापासून केलंय, आणि नाव घेतलं की वाचणाऱ्याला वाटतं, चूक तेवढ्या एका ठिकाणची. मराठीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे काही 'डिजिटल' झालं, त्यातलं पुष्कळसं असंच आहे: पानांचे फोटो आणि त्यांची बांधलेली पीडीएफ. अंध वाचकांसाठी नवी साधनं हवीत असा विषय निघाला की चर्चा लगेच ॲप, बोलणारे चष्मे, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी उंच उडते. माझं म्हणणं त्या मानाने अगदीच जमिनीवरचं आहे. पुस्तकातला मजकूर मजकूर म्हणून साठवायला आपण आधी शिकू या. तो नसेल तर बाकीची साधनं म्हणजे कोरड्या विहिरीवर बसवलेला पंप.

मजकूर असला की काय होतं, हे पाहायचं तर मराठी विश्वकोश उघडावा. वीस खंडांचा तो ऐवज संकेतस्थळावर युनिकोड मजकुरात आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेली ओळख आहे. बाईंना एखादी नोंद हवी असली की त्या शोधतात, उघडतात, ऐकतात, हवा तो परिच्छेद टिपून घेतात. माझ्या आईचीही तीच गोष्ट. मधुमेहाने तिची नजर अधू झालीये. फोनवर अक्षर अंगठ्याएवढं करून ती वाचते. मजकूर असेल तर ओळी आपोआप मोडून पडद्यात बसतात. फोटोची पीडीएफ असेल तर प्रत्येक ओळीसाठी पान बोटाने डावीकडून उजवीकडे ओढायचं, ओळ संपली की परत डावीकडे. परवा दोन पानं अशी वाचून तिने फोन ठेवून दिला आणि म्हणाली, "हात दुखतो रे वाचून."

आता मजकूर हाती येणं इतकं अवघड का, हे जरा खोलात जाऊन सांगतो, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं आणि याविषयी बोलणारे फार कमी.

युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरं संगणकावर उमटवणं सोपं नव्हतं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांनी तो प्रश्न आपापल्या परीने सोडवला आणि मराठी छपाईचा गाडा वर्षानुवर्षं त्यांच्यावर चालला. त्या फॉन्टांची युक्ती अशी की संगणकाच्या पोटात रोमन अक्षरंच राहतात, फक्त त्यांना रूप मराठी दिलेलं असतं. कृतिदेवमधला 'मराठी' हा शब्द घ्या. जिथे म दिसतो तिथे आत इंग्रजी ई आहे, र म्हणजे जे, काना म्हणजे के, ठ म्हणजे मोठा बी आणि शेवटची वेलांटी म्हणजे एच. डोळ्यांना हे कळायची सोयच नाही. तुम्ही 'मराठी' वाचता, स्क्रीन रीडर त्याच जागी 'ई जे के बी एच' असलं काहीतरी पुटपुटतो. बाईंच्या पीएच.डी.च्या वेळी एका ज्येष्ठांनी प्रेमाने चाळीसेक लेख पाठवले होते, ते सगळे असे. बाई सांगतात, आधी वाटलं फाइल बिघडली, मग वाटलं कॉम्प्युटर बिघडला, आणि तिसऱ्या दिवशी वाटलं, आपलंच डोकं.

बरं, युनिकोड आलं म्हणून सगळं निस्तरलं म्हणावं, तर मध्ये पीडीएफ उभी. पीडीएफ ही मुळात कागदावर काय कुठे छापायचं ते सांगणारी फाइल. कोणता आकार कुठे बसतो हे तिला पक्कं ठाऊक असतं, आधी काय उच्चारायचं याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, उच्चारतो आपण नंतर. रफार डोक्यावर बसतो पुढच्या अक्षराच्या, उच्चारतो आपण आधी. त्यामुळे पीडीएफमधून 'विद्यार्थी' बाहेर काढला की कित्येकदा 'िवद्याथीर्' असं हातपाय मोडलेलं काहीतरी बाहेर येतं. सरकारी पीडीएफमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकायचा प्रयत्न केलाय कधी? तेव्हा जे बघून तुम्ही वैतागलात ते अंध वाचक पुस्तकभर कानांनी सोसतो. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात हा घोळ होत नाही, कारण तिथे अक्षरं उच्चाराच्या क्रमानेच राहतात आणि प्रकरणं, तळटीपा, पृष्ठांकही आपापल्या जागी नोंदवता येतात. मराठीत मोफत वाटली जाणारी बहुतेक पुस्तकं मात्र अजून पीडीएफच आहेत. का? तर "छापील पुस्तकासारखी दिसतात म्हणून."

फोटोंवर ओसीआरचा उतारा आहे. फोटोतली अक्षरं ओळखून यंत्र त्यांचा मजकूर करून देतं. देवनागरीसाठी ते आता खरोखर चांगलं झालंय. जे पुस्तक टाइप करायला मला पूर्वी दोन महिने लागत, ते आता दोन आठवड्यांत हातावेगळं होतं. तरी '९८ टक्के अचूक' अशा आकड्याने कोणी हुरळून जाऊ नये. पानावर साधारण १,५०० अक्षरं धरली तर ९८ टक्के म्हणजे पानाला ३० चुका, आणि २५० पानांच्या पुस्तकात ७,५००. त्यात मराठीच्या काही खोडी अशा की हिंदीच्या वळणावर वाढलेल्या यंत्राला त्या उमगतच नाहीत. 'आचाऱ्यांना' मधला र त्याने रफार म्हणून वाचला की स्वयंपाक्याच्या जागी थेट आचार्य. एका कादंबरीतल्या लग्नाच्या प्रसंगात मी हे बघितलंय. मांडवामागे आचार्य लाडू वळत बसले होते. डोळस वाचक हसून पुढे जातो. ज्याच्याकडे पडताळायला मूळ पान नाही, त्याने कशावरून ठरवायचं की लेखकाचा विनोद आहे का यंत्राचा?

म्हणून ओसीआरनंतर माणसाने मुद्रितशोधन करायलाच हवं. मराठी विकिस्रोत या लोकांनी मिळून चालवलेल्या मोफत ऑनलाइन ग्रंथालयावर ते होतं: एका बाजूला पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर, आणि कोणीतरी घरी बसून ओळ-ओळ ताडून पाहतोय. काम गोगलगाईच्या गतीने चालतं, पण जे होतं ते टिकतं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं जवळजवळ सगळं आणि विसाव्यातलं बरंचसं मराठी वाङ्मय आज कोणीही असं मजकुरात आणू शकतो. मराठी विभागांतून दरवर्षी किती एम.ए. बाहेर पडतात! प्रत्येकाने प्रकल्प म्हणून शंभर पानं तपासली असती, तर मला वाटतं आज मला हा लेख लिहावा लागला नसता.

पुढचा प्रश्न आवाजाचा, आणि याची मौज कानांनी वाचणाऱ्यांनाच माहीत. बाईंच्या पहिल्या लॅपटॉपवर मराठी आवाज नव्हता, म्हणून त्या हिंदी आवाजात मराठी ऐकत. तो 'ज्ञानेश्वरी'ला 'ग्यानेश्वरी' म्हणे आणि 'बाळ'चा 'बाल' करे. आता मराठी आवाज आहेत, फोनवर तर फुकट आहेत. पण च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार अजून त्यांना झेपत नाहीत. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा' लिहायला एकच. कोणती कशी म्हणायची हे वाक्य कळल्याशिवाय ठरत नाही. आणि १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं पुस्तक असेल तर विचारूच नका. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' यांवरचा एकेक अनुस्वार यंत्र इमानेइतबारे नाकातून म्हणतं. पाच पानं झाली की लेखकाला सर्दी झालीये असं वाटायला लागतं.

जुना मजकूर बदलू नये, हे कबूल. पण छापलेलं 'कांहीं' तसंच ठेवून यंत्राला "हे 'काही' असं म्हण" एवढं सांगता येतं. एनव्हीडीएमध्ये उच्चारांचा असा कोश भरायची सोय आहे. बाईंनी स्वतःपुरता तो केलाय, तीनशे-साडेतीनशे शब्दांचा. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पेन ड्राइव्हवरून तो कुठे कुठे पोचलाय देव जाणे. जुन्या मराठीसाठी असा कोश नीट बसून करायला दोन भाषाजाणकार आणि एक संगणकवाला पुरे. खर्च एखाद्या उद्घाटनाच्या मांडवाएवढासुद्धा नाही. मला विचाराल तर नवं 'साधन' म्हणावं ते याला.

इथे डोळसांची एक लाडकी समजूत आडवी येते: अंधांना काय, ऑडिओबुक दिलं की झालं. रेकॉर्ड केलेल्या पुस्तकांवर कित्येक पिढ्या शिकल्या, त्यांना मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः एकेकाळी कॅसेटी भरल्यात. पण गोष्ट ऐकणं वेगळं आणि अभ्यास करणं वेगळं. अभ्यासाला मागे जावं लागतं, शब्द शोधावा लागतो, 'पृ. ८७' असा संदर्भ द्यावा लागतो. शिवाय वेग. बाई साध्या बोलण्याच्या अडीचपट वेगाने ऐकतात, आणि तेही मुद्दाम त्या कोरड्या यांत्रिक आवाजात, कारण भावपूर्ण आवाज तेवढ्या वेगाला फुटतो. मला ते कबुतरांच्या गुटर्गूसारखं ऐकू येतं. त्या मात्र मध्येच थांबून म्हणतात, "इथे स्वल्पविराम चुकलाय तुमचा."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शब्द लिहिलेला कसा असतो हे ऐकून कळत नाही. बाईंचा एक विद्यार्थी, वाचन दांडगं, बोलायला लागला की वर्ग ऐकत राहतो. त्याने बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा स्वतः टाइप करून निबंध दिला. पानभर 'आणी', 'परंतू', 'वीचार'. चौथीनंतर त्याचं ब्रेल सुटलं होतं. पुढे सगळा अभ्यास रेकॉर्डिंगवर, परीक्षेला रायटर. रायटर शुद्ध लिहीत होता, त्यामुळे दहा वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही की हा मुलगा मराठी वाचलेलाच नाही, नुसता ऐकत आलाय. बाईंनी त्याला रागावलं नाही. कळफलक पुढे ओढला आणि एकेक अक्षर वाचून दाखवणाऱ्या कळा शिकवल्या: आ, ण, पहिली वेलांटी. मजकूर असला की हे करता येतं. ब्रेल डिस्प्ले जोडला तर तोच मजकूर बोटांखाली उठतो. स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेलं 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक लोकांनी उचलून धरलं, ते बातम्या रेडिओवर मिळत नव्हत्या म्हणून नाही. अक्षर स्वतःच्या बोटांखाली असण्याचं सुख निराळं असतं.

म्हणूनच प्रत्येक संस्थेने आपापलं 'अंधांसाठी ॲप' काढायचं हे जे पीक आलंय, त्यावर माझा विश्वास नाही. अंध वाचकाकडे त्याचं वाचायचं साधन आधीच आहे. त्याचा आवाज ठरलेला, वेग ठरलेला, कळा बोटांत बसलेल्या. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढचा दुवा. त्याला नवं घर बांधून देण्यापेक्षा पुस्तकाची स्वच्छ फाइल द्यावी आणि बाजूला व्हावं. ग्रंथालयाचं पान साधं असावं, बटणांना नावं असावीत, नोंदणीला चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायला लावू नयेत. ते कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह लावून 'अक्षर मोठे करा, रंग बदला' असं विचारणारं चौकोनी खोकं असतं ना, त्याने पायऱ्या तशाच ठेवून दाराला फक्त रंग दिल्यासारखं होतं. अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये पूर्वीपासून आहे. तुमच्या बटणाला नाव द्यायची सोय मात्र तुमच्याशिवाय कोणाकडे नाही.

प्रकाशकांशी बोलायला गेलं की पहिला प्रश्न येतो कायद्याचा. तिथे खरं तर आभाळ स्वच्छ आहे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तरतूद झाली की अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करणं आणि नफा न घेता ती तिला देणं हा हक्कभंग नाही. परवानगी मागायची गरज नाही. २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेशमध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला औपचारिक मंजुरी देणारा पहिला देश ठरला भारत. ३० सप्टेंबर २०१६ला तो अमलात आला, आणि त्याच्या महिनाभर आधी डेझी फोरम ऑफ इंडिया हा अशा पुस्तकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा मंच व केंद्र सरकार यांच्या पुढाकाराने 'सुगम्य पुस्तकालय' हे अंध वाचकांना वाचता येतील अशा पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. म्हणजे कागदावर आपण जगाच्या पुढे होतो.

प्रकाशकांची दुसरी भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मजकुराची स्वच्छ फाइल बाहेर गेली की चोरी होईल, ही ती भीती. हजाराची आवृत्ती काढून ती खपायची चार वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला ती वाटणारच. पण चोरांना स्वच्छ फाइल कधीच लागली नाही. टेलिग्रामवर फिरतात ते मोबाइलने काढलेले फोटोच. २००९ साली अमेरिकेत ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची सोय आली, तेव्हा ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि ॲमेझॉनने नमतं घेत ती सोय बंद ठेवायची मुभा प्रकाशकांना दिली. अंध वाचक न्यूयॉर्कमध्ये गिल्डच्या दारात निदर्शनं करायला जमले. पुस्तक फुकट द्या अशी त्यांची मागणी नव्हती, विकत घेतलेलं वाचू द्या अशी होती. बाईही तेच म्हणतात. त्यांच्या घरी छापील पुस्तकांचं कपाट आहे, सगळी विकत घेतलेली. कोणीतरी स्कॅन करून देईल या आशेवर.

अडतं कुठे, तर 'करावे' आणि 'करणे इष्ट' यांच्या मध्ये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता बंधनकारक केली, पण पुढच्या वर्षी आलेल्या नियमांत तिचा सूर शिफारशीचा झाला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवलं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालाने नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. मूळ याचिका २००५ सालची, हे जाता जाता. पुढे ३० एप्रिल २०२५च्या प्रज्ञा प्रसून या याचिकाकर्तीच्या खटल्यातल्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. एवढं झाल्यावर तरी 'अंधांसाठी वेगळा विभाग पुढच्या टप्प्यात' हे वाक्य निविदांतून जायला हवं. पुढचा टप्पा कधी येत नाही, हे ज्याने एकदा निविदा पाहिलीये त्याला सांगायला नको.

निविदेत काय लिहावं, हे बाईंनी मला एका वाक्यात सांगितलं होतं: "शेवटचा हप्ता आमच्या हातून द्या." म्हणजे असं. ग्रंथालय तयार झालं की रोज संगणक वापरणाऱ्या पाच अंध वाचकांना बोलवायचं, रीतसर मानधन देऊन. त्यांनी कोणाच्या मदतीशिवाय नोंदणी करायची, पुस्तक शोधायचं, उघडायचं, चौथ्या प्रकरणावर जायचं, फोनवर उतरवून घ्यायचं. पाचही जणांना जमलं तर बिल पास. नाही जमलं तर ठेकेदार परत कामाला. राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत, अ-ब-क-ड वर्गांत बसवलेली, वर्गाप्रमाणे अनुदान घेणारी. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजतात, कर्मचारी मोजतात. निदान 'अ' वर्गाला तरी अंध वाचकासाठी चालता संगणक आणि पुस्तक मजकुरात मिळवून देणारा माणूस हवा, एवढी अट घालायला कोणती समिती नेमावी लागेल?

"असे वाचक आहेतच किती?" हा प्रश्न सभांमध्ये आडून विचारला जातो. २०११च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेले सुमारे ५० लाख लोक होते. माझी आई त्यांत नव्हती, आजही ती स्वतःला तसं म्हणवून घेणार नाही. पण या प्रश्नाला आकड्याने उत्तर द्यायचा मला कंटाळा आलाय. ज्या वाचनालयाला जिनाच जिना आहे तिथे "व्हीलचेअरवाले येतच नाहीत हो" असं म्हणणाऱ्याला काय सांगणार?

अलीकडे नवीन उत्तर मिळतं: आता एआय आलंय, फोटो दाखवला की वाचून दाखवतं, कशाला एवढा खटाटोप? बाई ते रोज वापरतात. औषधाचं पाकीट, विजेचं बिल, लग्नपत्रिका. त्यासाठी ते वरदानच आहे. मग मी एकदा त्यांच्यासोबत एका जुन्या पुस्तकाचं वाळवीने खाल्लेलं पान त्याला दाखवलं. मधल्या तीन ओळी गेल्या होत्या. यंत्राने सबंध पान घडाघडा वाचलं, त्या तीन ओळींसकट. वाक्यं सफाईदार होती, काळाला साजेशीही होती, फक्त लेखकाची नव्हती. मला दिसत होतं म्हणून कळलं. आचार्यांच्या लाडवांची निदान शंका तरी येते, या ओळींची तीही आली नसती. एआयने पहिला खर्डा करावा, माझे श्रम वाचवावेत, मी हात जोडतो. पण ग्रंथालयाने वाचकाच्या हाती द्यायची प्रत माणसाने ताडून पाहिलेलीच हवी.

विदर्भातले गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले. लोकांकडून ग्रंथ वाचून घेत ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी सव्वाशेच्या वर रचना केल्या. प्रज्ञाचक्षू म्हणून आपण त्यांना नमस्कार करतो, आणि अशा सभांमध्ये त्यांचं नाव हटकून निघतं. त्या दिवशीच्या उद्घाटनातही निघालं. मी बाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांना वाचून दाखवणारी माणसं होती. माझ्या वर्गातल्या मुलांना गुरुवारी दुपारी कोण मोकळं असतं?"

त्या ग्रंथालयाला आम्ही दोघांनी मिळून चार पानी पत्र लिहिलं. काय अडलं, कुठे अडलं, कसं सुधारता येईल. उत्तर आलं, आभार मानणारं. सोबत जोडलेली पीडीएफ बाईंच्या एनव्हीडीएला वाचता आली नाही. मी वाचून दाखवली.

दरम्यान विकिस्रोतासाठी मी तपासून झालेलं एक पुस्तक त्यांना ऐकायला दिलं होतं. डोळ्यांत तेल घालून दोनदा पाहिलेलं. परवा रात्री त्यांचा निरोप आला, चुकांची यादी, एकूण अकरा. "पान ११२, दुसरा परिच्छेद: 'खून पटली' असं म्हणतोय, 'खूण' करा. पान १३०: लग्न आहे वाटतं, आचार्य परत आलेत."